परुळकर सर गेले: सोसायटी ग्रुपवरची कालची चर्चा

ए-102: सकाळपासून फॉरवर्ड येतोय, ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर काल गेले, आपल्या पुण्यातच. 82 वर्षांचे होते. हवाईदलानेही श्रद्धांजलीची पोस्ट टाकलीय. बी-304 काका, तुम्ही एअरफोर्समधले ना, हे तेच का पाकिस्तानच्या कैदेतून पळालेले?

बी-304: हो ताई तेच. मला काल रात्रीच मित्राचा फोन आला, झोप नाही लागली नंतर. तारीख बघा, 10 ऑगस्ट. तीन दिवसांनी बरोबर 53 वर्षं झाली असती त्या रात्रीला.

सी-201: काका कोणती रात्र? मला खरंच माहीत नाही, आम्हाला शाळेत 71 चं युद्ध अर्ध्या पानात उरकलं होतं.

बी-304: सांगतो, टाइप करायला वेळ लागतो थांबा जरा.

बी-304: पण आधी 1965. लोक थेट पळण्यावर येतात आणि हे राहून जातं. 65 च्या लढाईत त्यांच्या विमानाला गोळी लागली आणि उजवा हात जखमी झाला. लीडर सांगत होता विमान सोड, इजेक्ट हो. यांनी सोडलं नाही, तशा हाताने मोडकं विमान बेसवर आणून उतरवलं. कमिशन मिळून तेव्हा जेमतेम अडीच वर्षं झालेली. त्यासाठी वायुसेना मेडल मिळालं.

डी-403: हे माहीतच नव्हतं. उजव्या हातातच तर विमानाची स्टिक असते ना?

बी-304: तेच ना दादा.

सेक्रेटरी: मधेच बोलतो माफ करा, टँकर आलाय, सी विंगसमोरची पांढरी गाडी कोणाची आहे ती हलवा प्लीज.

सी-201: आमचीच, हलवते. काका तुम्ही थांबू नका.

बी-304: 10 डिसेंबर 1971. सुखोई-7 उडवत होते, जमिनीवरच्या टार्गेटवर हल्ला करणारं विमान, खाली यावं लागतं त्यामुळे तोफांच्या माऱ्यात सापडतं. ते पडलं आणि सर पकडले गेले. रावळपिंडीच्या कॅम्पमध्ये आपले डझनभर पायलट होते. आणि परुळकरांनी युद्धाच्या कितीतरी आधीच बोलून ठेवलेलं की मी पकडला गेलो तर आत बसून राहणार नाही, पळणार. सोबतचे लोक हसले असतील तेव्हा, पण माणसाने ते मनात पक्कं केलेलं होतं.

बी-304: आता माझ्या कामाचा भाग. मी सेफ्टी इक्विपमेंटमध्ये होतो, म्हणजे पॅराशूट, जी-सूट वगैरे आमच्याकडे असायचे, फ्लाइंगच्या आधी तपासून द्यायचो. जी-सूट म्हणजे पायाला आणि पोटाला घट्ट बसणारा पेहराव, त्याच्या आत रबराच्या पिशव्या असतात, विमान जोरात वळलं की त्यात हवा भरते आणि पाय दाबले जातात म्हणजे रक्त खाली उतरत नाही, नाहीतर डोळ्यापुढे अंधारी येते. तर या लोकांनी त्याच रबरातून पाण्याच्या पिशव्या केल्या! मी ते रबर शेकडो वेळा हातात धरलंय, जाड असतं, तांब्याभर पाणी सहज मावेल, पण आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नसतं. होकायंत्र सुद्धा सुईला चुंबकत्व देऊन स्वतः बनवलं, पठाणी कपडे जमवले, कैद्यांना मिळणाऱ्या भत्त्यातले पैसे साठवले.

ए-102: आणि भिंत?

बी-304: खोलीच्या मागच्या भिंतीच्या विटा सैल करत गेले. रात्री काम, दिवसा भोकापुढे पलंग. निघालेला चुरा रेड क्रॉसच्या पार्सलच्या खोक्यांत भरून पलंगाखाली. शेवटी बाहेरचं प्लास्टर फोडायचं राहिलं तर तेच कडक निघालं, एकदा बेत रद्द करावा लागला. मग 1972 च्या 12 ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर वादळ पाऊस सुरू झाला आणि तिघं निघाले. परुळकर, मलविंदरसिंग ग्रेवाल आणि हरीश सिंहजी. बाहेर रस्त्यावर सिनेमा सुटलेली गर्दी होती त्यात मिसळले आणि पेशावरची बस पकडली.

सी-201: बापरे. अंगावर काटा आला.

बी-304: पेशावरहून जमरूद रोडला टांगा, मग पुन्हा बस, सकाळी नऊ साडेनऊला खैबर खिंडीत लंडी कोतल. अफगाण सीमा तिथून फक्त चार मैल. पुण्यात सांगायचं तर स्वारगेटहून शिवाजीनगरच्या थोडं पुढे.

डी-403: मग पकडले कसे?

बी-304: नकाशामुळे, आणि हे मला फार लागतं. जुन्या नकाशात खैबर खिंडीतल्या रेल्वेचं शेवटचं स्टेशन लंडी खाना दाखवलेलं, म्हणून टपरीवर विचारलं लंडी खानाला कसं जायचं. पण ती लाईन 1932 मध्येच बंद पडलेली! चाळीस वर्षं तिकडे गाडी गेली नाही आणि ही तीन तरणी पोरं तिथलं विचारतायत. तहसीलच्या कारकुनाला संशय आला. त्या काळी पश्चिम पाकिस्तानात अडकलेले बंगाली त्याच वाटेने अफगाणिस्तानात निसटत होते, त्यातलेच वाटले.

सी-201: म्हणजे तिथे गोळी सुद्धा घातली असती.

बी-304: असती ना. पण ऐका आता, माझ्या दृष्टीने खरं उड्डाण इथे आहे, विमानाबिमानाशिवायचं. तिघांनी आधीच ठरवलेलं की आम्ही लाहोरचे पाकिस्तानी हवाईदलातले, रजेवर आलोय. ते कोणी मानेना. तेव्हा परुळकर म्हणाले, पाकिस्तानी हवाईदल प्रमुखांच्या एडीसीला, म्हणजे त्यांच्या खास मदतनीस अधिकाऱ्याला, फोन लावून द्या. तो एडीसी म्हणजे स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद, आधी यांच्याच कॅम्पचा प्रमुख. चांगला माणूस, 71 च्या नाताळला कैद्यांसाठी केक घेऊन आलेला. परुळकर फोनवर एवढंच कळेल असं बोलले की आम्ही इथे अडकलोय. उस्मानला आवाजावरून लगेच समजलं आणि त्याने तिकडच्या अधिकाऱ्याला सांगितलं ही माझी माणसं आहेत, यांना हात लावू नका. जीव वाचले तिघांचे.

ए-102: शत्रूच्याच माणसाला फोन करून. त्या क्षणी हे सुचणं किती अवघड आहे.

बी-304: दोन्हीकडचं आहे ताई. यांना सुचलं, आणि त्याने शब्द राखला. मला उस्मानबद्दलही आदर आहे, इथे उघड लिहितो.

बी-304: मग एकांतकोठडी, पुढे लायलपूरला म्हणजे आजच्या फैसलाबादला हलवलं, आणि 1 डिसेंबर 1972 ला सगळे वाघ्यावरून घरी आले. सरांना पुढे विशिष्ट सेवा मेडलही मिळालं, आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत बटालियन कमांडर होते. किती कॅडेट त्यांच्या हाताखालून गेले असतील.

डी-403: काका, तुम्ही भेटलात का कधी त्यांना?

बी-304: नाही. एका कार्यक्रमात चार रांगा मागे बसलो होतो, पुढे जाऊन बोलायचं धाडस झालं नाही. जायला हवं होतं.

सेक्रेटरी: काका, 15 ऑगस्टला झेंडावंदन सकाळी 8 ला आहे, त्यानंतर मुलांना हे सांगाल का? दहा मिनिटं?

बी-304: अर्धा तास द्या आणि क्लब हाऊसची एक भिंत मोकळी ठेवा. खैबरचा मोठा नकाशा लावायचाय, लंडी कोतल कुठे आणि सीमा कुठे ते मुलांनी स्वतः बोटाने मोजायला हवं.