पेनड्राइव्ह अडतो तेव्हा दोष मर्यादेचा की नियंत्रणाचा?

फोंड्याचा_सिस्टिमवाला: चवथीला म्हापशाला मामाकडे होतो. मामेभावाने घुमट आरतीचा २ जीबीचा व्हिडिओ पेनड्राइव्हवर टाकला. आठ सेकंदांत शंभर टक्के! काढायला गेला तर साडेतीन मिनिटं 'थांबा'. म्हणे, लिनक्स (त्याच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम) खोटं बोलतं. खोटं नाही रे, उधारी आहे ती. मजकूर आधी रॅममध्ये साठतो; डिस्कवर जायच्या राहिलेल्या मेमरीच्या त्या तुकड्यांना, म्हणजे पानांना, 'डर्टी' म्हणतात. मूळ सेटिंगमध्ये उपलब्ध मेमरीच्या १० टक्क्यांना मागून लेखन सुरू होतं आणि २० टक्के ही कमाल मर्यादा.

लोक हे आकडे खाली ओढत बसतात. खरी करामत लिनक्सच्या २०१२ च्या ३.२ आवृत्तीतली आहे. त्याआधी मर्यादेला धडकलेला प्रोग्राम स्वतःच डिस्कवर लिहायला बसायचा; दहा प्रोग्राम दहा ठिकाणी, डिस्कचं डोकं सैरावैरा. आता त्याला नुसतं झोपवतात, एका वेळी फार तर २०० मिलिसेकंद. डर्टी पानं १७.५ टक्क्यांवर असली की प्रत्येकाला डिस्क पेलेल तेवढाच वाटा, १५ वर त्याच्या दुप्पट, २० वर शून्य. मधला वक्र घनाचा: मध्यात सपाट, कडांना उभा. गोव्यातल्या साळावली धरणाच्या सांडव्यासारखं. दार नाही, पाणी जितकं चढेल तितकं जास्त सांडतं.

खाजनकाठचा: एवढं गणित कशाला? आमच्या खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या) मानशीचं, म्हणजे पाणी अडवायच्या झडपेचं, दार भरतीला मिटतं, ओहोटीला उघडतं. उघड नाहीतर बंद. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. डर्टी-बाइट्स, म्हणजे टक्क्यांऐवजी थेट आकड्यात द्यायची कमाल मर्यादा, २०० एमबी करा, विषय संपला.

फोंड्याचा_सिस्टिमवाला: मानस मिटली म्हणून समुद्राची भरती बदलत नाही, भाई. इथे आपण दार लावलं की मोजायचं पाणीच बदलतं, आणि तेही उशिरा कळतं. सगळ्यांना एकदम थांबवलं की रांग रिकामी, सोडलं की पुन्हा लोंढा. नुसत्या उघड-बंदने झोके थांबत नाहीत.

खाजनकाठचा: पण तुमच्याच गोष्टीत तो वक्र चालला कुठे? मशीन १६ जीबीचं असणार. त्यातली १४ उपलब्ध धरली तर १५ टक्के म्हणजे २.१ जीबी. तिथपर्यंत कुणाला अडवतच नाहीत, आणि फाइल २ जीबीची! शिवाय स्वस्त पेनड्राइव्ह सुरुवातीला धावतो, मग आतली वेगवान जागा भरली की बसतो. लिनक्सने धरलेली गतीची सरासरी ते कळेपर्यंत मागेच पडते.

फोंड्याचा_सिस्टिमवाला: फाइलचं मान्य. तिथे माझा दाखला फसला. पण २०० एमबी ठेवल्याने नियंत्रण जात नाही, तोच वक्र त्या २०० च्या आत चालतो. तुम्ही सांडव्याची उंची कमी केलीत, सांडवा काढला नाहीत.

मडगाव_एडिटर: थोडं वेगळं. व्हिडिओ रेंडर होताना ब्राउझर गोठतो, ते वाचन लेखनामागे अडकल्यामुळे. त्याला लिनक्सच्या २०१७ च्या ४.१० आवृत्तीमधलं जेन्स अ‍ॅक्सबो या लिनक्स प्रोग्रामरचं काम पाहा: वाचनाला उशीर व्हायला लागला की लेखनाची रांग आखूड करतात. टक्क्यांऐवजी थेट उशीर मोजायचा. मला हेच जास्त पटतं.

खाजनकाठचा: मग मामेभावाचं काय केलंत शेवटी?

फोंड्याचा_सिस्टिमवाला: तुमचेच २०० एमबी. आता पट्टी शंभरावर पोचायलाच सव्वातीन मिनिटं लागतात. म्हणतो, आधीच बरं होतं.