गॅमा पल्सर शोधला कुणी : फर्मीने की खोडदच्या अँटेनांनी?

मृगशीर्ष :
फर्मी या अवकाशातल्या गॅमा-किरण दुर्बिणीने जवळपास ३०० गॅमा पल्सर शोधले, असं सरसकट म्हटलं जातं. (पल्सर म्हणजे मेलेल्या ताऱ्याचा गरगर फिरणारा गाभा; त्याचा झोत दर गिरकीला आपल्यावरून गेला की ठोका दिसतो.) मला ते पटत नाही. २०२३च्या यादीत २९४ आहेत खरे, पण त्यातल्या कितीतरींचे ठोके आधी रेडिओ दुर्बिणींनी पकडले होते. जे१५४४+४९३७ हा पल्सर घ्या. फर्मीला तिथे गॅमा किरणांचा एक अनोळखी ठिपका दिसत होता, बस. नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने तिकडे मोहरा वळवला आणि २.१६ मिलिसेकंदांत एक गिरकी घेणारा पल्सर हाती लागला. जोडीदार ताऱ्याबरोबरची फेरी तीन तासांच्या आत, आणि दर फेरीत थोडा वेळ त्या जोडीदाराच्याच वायूआड लपणारा! त्या मोजमापावरून मग फर्मीच्या नोंदींत गॅमा ठोके सापडले. आपल्या जुन्नर तालुक्यातलं हे काम तळटीपेत का जावं?

उत्तररात्र :
तिकडेच बघा, हे जीएमआरटीला कुणी सांगितलं? फर्मीच्या ठिपक्यानेच ना! शिवाय सीटीए १ या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषातला पल्सर विसरलात. सेकंदाला साधारण तीन गिरक्या, रेडिओत चिडीचूप. २००८मध्ये, उड्डाणानंतर काही महिन्यांतच, फर्मीने तो निव्वळ गॅमा फोटॉनांवरून ओळखला. गॅमा किरण वातावरणात अडतात, म्हणून अवकाशात जावंच लागतं. रेडिओचा झोत बहुधा चुंबकीय ध्रुवापाशी, अरुंद. तो आपल्यावरून गेलाच नाही, तर जमिनीवर कितीही अँटेना लावा. गॅमा मात्र ताऱ्यापासून दूर, चुंबकावरणाच्या (ताऱ्याभोवतीच्या चुंबकीय क्षेत्राच्या वेढ्याच्या) बाहेरच्या भागातून येतात आणि रुंद पसरतात. नुसत्या रेडिओवर विसंबलो, तर आकाशगंगेतल्या तरुण पल्सरची मोजदादच चुकेल. माझा आक्षेप त्यासाठी आहे, श्रेयासाठी नाही.

मृगशीर्ष :
झोताचा मुद्दा मान्य, तो मी धरला नव्हता. पण 'निव्वळ गॅमा' हे जोडीतल्या पल्सरना लावू नका. २०२०चा जे१६५३-०१५८ बघा. रेडिओत ठोके नाहीत, फर्मीच्या फोटॉनांतूनच सापडला. तरी जोडीची ७५ मिनिटांची फेरी आधी प्रकाशीय निरीक्षणांनी दिली होती. ती नसती तर शोधायचं कुठल्या कक्षेत?

सांजवात :
दोघांनाही एक आठवण. जेमिंगा हा पल्सर १९७०च्या दशकापासून गॅमात दिसत होता, पण त्याचा २३७ मिलिसेकंदांचा ठोका १९९२मध्ये रोसॅट या उपग्रहाच्या क्ष-किरण नोंदींत मिळाला. तिथे पहिला मान रेडिओलाही नाही आणि गॅमालाही नाही.

उत्तररात्र :
जेमिंगा मान्य. तरी सीटीए १वर मी ठाम आहे. तो रेडिओत आजही मुका आहे.