गरोदर स्त्रियांची तपासणी आणि साथीचा आकडा

गरोदरपणात प्रत्येकीची एचआयव्ही तपासणी होतेच, मग साथ मोजायला वेगळं सर्वेक्षण कशाला, असा मुद्दा मांडला जातो. मला तो बराचसा पटतो. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या) सेंटिनल सर्वेक्षणात, म्हणजे निवडक ठिकाणच्या नमुन्यांवरून साथीचा अंदाज घेणाऱ्या सर्वेक्षणात, ठरावीक प्रसूतिपूर्व दवाखान्यांत ओळीने येणाऱ्या ४०० गरोदर स्त्रियांचे नमुने घ्यायची पद्धत आहे. बरीच वर्षं सिफिलिसच्या तपासणीतून उरलेलं रक्त नाव काढून तपासलं जाई. म्हणजे जिचं रक्त, तिलाच निकाल कळायचा नाही! नेहमीच्या तपासणीत निकाल हातात येतो, औषधं सुरू होतात, बाळाला लागण होणं टळतं. माझ्या लेखी हा फरक फार मोठा आहे.

पण आकडा काढताना एक गोम आहे. जी बाई आधीपासून एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेतेय, तिची पुन्हा चाचणी करायचं कारणच नसतं. मासिक अहवालात ‘तपासलेल्या’ आणि ‘नव्याने पॉझिटिव्ह’ एवढंच धरलं, तर ती टक्केवारीच्या अंशातही (पॉझिटिव्ह) नाही आणि छेदातही (तपासलेल्या) नाही. उपचार जितके चांगले पोचतील तितक्या अशा बायका वाढतात, आणि साथ कागदावर उगाचच ओसरलेली दिसते. उलट उपकेंद्रात एकदा आणि पक्क्या निदानासाठी तपासणी केंद्रात पुन्हा, अशी एकाच बाईची दोनदा नोंद होते, ते वेगळंच. किट संपल्यावर काही दिवस कुणाचीच तपासणी होत नाही, हेही धरायला हवं.

तेव्हा आधी ‘निदान आधीच झालेलं’ हा रकाना प्रत्येक केंद्रावर नीट भरून घ्या. सर्वेक्षण थांबवायचं का, ते त्यानंतर ठरवता येईल.