सिंहगड रोडला भाड्याने घर हवंय: एकतानगरी, वडगाव की धायरी?

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली पुण्याला झाली आहे, ऑफिस शिवाजीनगरला. शाळा सुरू व्हायच्या आत सांगलीहून बिऱ्हाड हलवायचंय. घरात आम्ही दोघं, तिसरीत जाणारा मुलगा आणि सासूबाई. त्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा लिफ्ट तरी हवी किंवा पहिल्या मजल्याच्या वर नको. नणंद हिंगण्यात राहते, म्हणून सिंहगड रोडच बघतोय.

एजंटने तीन टूबीएचके दाखवलेत. पहिला एकतानगरीच्या बाजूला, पहिला मजला, भाडं तिन्हींत कमी. दुसरा वडगाव बुद्रुकला जुन्या सोसायटीत, तिसरा मजला, लिफ्ट आहे. तिसरा धायरीत आत, नवी कोरी इमारत, पार्किंग, मुलांना खेळायला जागा, सगळं छान.

माझे प्रश्न दोनच आहेत आणि दोन्ही पाण्याचे. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घरात पाणी होतं, सासूबाईंना बोटीतून बाहेर काढावं लागलं. ते त्यांना पुन्हा बघायला लावायचं नाही. सांगलीत आम्ही आयर्विन पुलाची पातळी बघतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, त्या हिशेबाने सामान वर चढवायचं. पुण्यात लोक काय बघतात? दुसरं म्हणजे ते जीबीएसचं, म्हणजे हातापायातली ताकद घालवणाऱ्या गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचं. धायरी, नांदेड, किरकटवाडी ही नावं बातम्यांत ऐकली होती. घरात लहान मूल आहे, म्हणून भीती वाटते. खरं काय ते सांगा.

माणिकबागकर
सांगलीकर ताई, प्रश्न अगदी नेमका विचारलात. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालोय, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो.

इथे फूट नाही, क्युसेक बघायचे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी. खडकवासल्यातून मुठा नदीत किती विसर्ग सोडला आहे, तो आकडा. खडकवासला धरण तसं लहान, साठा जेमतेम १.९७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही मोठी धरणं. ती भरली की त्यांचं पाणी खाली येतं, आणि खडकवासल्यात साठवायला जागाच नसते, आलेलं पाणी पुढे सोडावंच लागतं. वरची धरणं भरायच्या आधीसुद्धा मधल्या खोऱ्यात एका रात्रीत जोरदार पाऊस झाला तर तेच होतं. २५ जुलै २०२४ ला सकाळी विसर्ग सुमारे ३५,००० क्युसेकवर गेला आणि एकतानगरी, निंबजनगरमध्ये पाणी शिरलं.

तुमच्याकडचा आणि इथला मोठा फरक लक्षात घ्या. कोयनेतून सोडलेलं पाणी सांगलीला पोचेपर्यंत तुम्हाला आवराआवरीला वेळ मिळतो. इथे धरण शहराला लागूनच आहे. विसर्ग वाढल्याचं कळलं की कपाट वर चढवण्यात वेळ घालवायचा नाही, माणसं आणि गाड्या हलवायच्या.

आता घर बघताना. नदीला दोन रेषा असतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. इमारत या रेषांच्या आत आहे का हे एजंटला नको, सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारा. आणि १०० वर्षांतून एकदा याचा अर्थ पुढची १०० वर्षं निवांत असा नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

निंबजनगर_रहिवासी
मी त्या भागातच राहतो, तेव्हा आतली गोष्ट सांगतो.

त्या दिवशी पहाटे आम्हाला आधी कुणी सांगितलं नव्हतं. शेजारच्या आजी उठल्या, त्यांना जिन्यात पाणी दिसलं, आणि त्यांच्या हाकांनी इमारत जागी झाली. पार्किंगमधल्या दुचाक्या तोवर बुडाल्या होत्या. नंतर लष्कराचे जवान आले, बोटी आल्या. ऑगस्टमध्ये पुन्हा लोकांना हलवावं लागलं. चिखल काढण्यात जो वेळ गेला तो वेगळाच.

तरीही मी इथेच आहे. स्वतःचं घर आहे, माणसं जिवाभावाची आहेत, मुलीची शाळा जवळ आहे. पण ताई, तुम्ही भाड्याने येताय. तुम्हाला निवड आहे आणि सोबत गुडघेदुखीच्या सासूबाई आहेत. कमी भाड्यासाठी नदीकाठचा पहिला मजला घेऊ नका. पहिल्या मजल्यावर पाणी घरात आलं नाही तरी वीज जाते, लिफ्ट बंद, पंप बंद, आणि खाली उतरायला वाट नाही. औषधं, दूध, सगळं अडतं.

ही इमारतच काय, या पट्ट्यातली कुठलीही इमारत बघायला गेलात तर वर जाण्याआधी पार्किंगमध्ये थांबा. विजेचे मीटर किती उंचीवर आहेत बघा. आमच्याकडे पुरानंतर बऱ्याच इमारतींनी मीटर वर घेतले, नवा बोर्ड आणि खाली जुन्या खिळ्यांच्या खुणा असं दिसतं. भिंतीला कमरेपर्यंतच ताजा रंग आणि वर जुना असेल तर का ते विचारा. लिफ्टचा तळखड्डा कोरडा आहे का? पाण्याची जमिनीखालची टाकी पार्किंगमध्येच असते, तिचं झाकण जमिनीच्या बरोबरीत आहे की कठडा घालून वर उचललेलं आहे? पुराचं पाणी टाकीत गेलं की प्यायचं पाणीही गेलं. आणि वॉचमनशी बोला. त्याचं बिऱ्हाड तळमजल्यावर असतं, त्याच्याइतकं खरं कुणी सांगत नाही.

धायरीची_सून
धायरीबद्दल मी लिहिते. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून पाण्याचं गणित घरात मीच बघते.

धायरीचा उरलेला भाग २०१७ मध्ये महापालिकेत आला, नांदेड, किरकटवाडी आणि खडकवासला २०२१ मध्ये. गावं शहरात आली तरी शुद्ध पाण्याच्या वाहिन्या सगळीकडे लगेच पोचल्या नाहीत. इमारती मात्र भराभर उभ्या राहिल्या. मग कुठे महापालिकेचं पाणी, कुठे बोअर, कुठे टँकर, आणि बऱ्याच ठिकाणी तिन्ही एकाच टाकीत. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा सगळ्यात जास्त रुग्ण याच पट्ट्यातले होते. रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी नावाचा जंतू सापडला, तो दूषित पाण्यातून आणि कच्च्या राहिलेल्या चिकनमधून पोटात जातो. नंतर महापालिकेने पाण्याचे खासगी आरओ प्रकल्प तपासले, त्यातले बरेच बंदही केले.

आमच्या गल्लीतला एक मुलगा त्या वेळी आजारी पडला होता. आधी जुलाब, ते थांबले, आणि काही दिवसांनी त्याला जिना चढता येईना. आईने त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात नेलं. आज तो क्रिकेट खेळतो. हे घाबरवायला सांगत नाही, लक्षण माहीत असावं म्हणून सांगते. जुलाब होऊन गेल्यावर हातापायाला मुंग्या येणं, पायातली ताकद जाणं असं काही दिसलं तर घरगुती उपाय करत बसायचं नाही. आणि हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही, त्यामुळे शेजाऱ्यांना टाळायचं काहीच कारण नाही. तेव्हा लोकांनी ते केलं, फार वाईट वाटलं.

धायरी सगळी वाईट असं मुळीच नाही. माझं माहेर शनिवार पेठेतलं, तरी मला इथली मोकळी हवा आवडते. फक्त सोसायटीला स्पष्ट विचारा: महापालिकेचं पाणी रोज किती वेळ येतं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात, टँकर कुठून भरून येतो आणि त्याचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय की वेगळा मागतात. मेंटेनन्सची एप्रिल-मे महिन्याची पावती बघायला मागा. ती बोलते.

पाणीतपासणी
मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. वरच्या ताईंच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन, त्यात थोडी भर.

नळाच्या पाण्यात क्लोरीन शिल्लक असायला हवं, लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम. ते आहे का हे बघण्याची सोपी पद्धत म्हणजे ओटी टेस्ट. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. जसंच्या तसं राहिलं तर नाही. महापालिकेचे पाणीपुरवठ्याचे कर्मचारी हेच करतात. तपासणी स्वयंपाकघरातल्या नळाला करा, कारण रस्त्यावरच्या वाहिनीत क्लोरीन असतं आणि सोसायटीच्या न धुतलेल्या टाकीत संपून जातं. तळाशी गाळ असला की जास्तच लवकर.

अजून एक, घरात आरओ आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. आरओ क्लोरीनही काढून टाकतो. मग ते पाणी माठात दोन दिवस राहिलं, हात बुडवून तांब्याने काढलं, की त्याचं रक्षण करायला काही उरत नाही. पाणी खळखळ उकळू द्या, झाकून गार करा, माठाला तोटी लावा. आधीच्या भाडेकरूंचा आरओ भिंतीवर तसाच सोडला असेल तर पहिल्या दिवशी त्यातलं पाणी पिऊ नका, आधी फिल्टर बदला.

दोनचाकी
शिवाजीनगरच्या ऑफिसबद्दल कुणीच बोललं नाही. राजाराम पुलापासून फनटाइम थिएटरपर्यंतचा उड्डाणपूल २०२५ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून रस्त्याने श्वास घेतलाय, पण धायरी फाट्याच्या पलीकडून येणाऱ्यांचे सकाळी हाल होतातच. सगळ्यात बरं म्हणजे बसने किंवा गाडीने स्वारगेट आणि तिथून मेट्रो. मंडई, कसबा पेठ, जिल्हा न्यायालय, की लगेच शिवाजीनगर. भुयारी मार्ग असल्याने पावसातही वेळ चुकत नाही. या हिशेबाने वडगाव धायरीपेक्षा सोयीचं. आषाढी एकादशीला मात्र विठ्ठलवाडीच्या मंदिरामुळे या रस्त्यावर प्रचंड गर्दी असते, त्या दिवशी लवकर निघायचं.

कोपऱ्यावरचं_घर
करारनामा नोंदवून घ्या ताई. ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स असला तरी नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांकडे भाडेकरूची माहितीही ऑनलाइन द्यायची असते. "पुढच्या महिन्यात करू" म्हणणाऱ्या मालकाला किल्ली घ्यायच्या आधीच नाही म्हणा. करारात टँकरचा खर्च कुणाचा ते एका ओळीत लिहून घ्या, इथली निम्मी भांडणं त्यावरून होतात.

आणि कचरा. ओला-सुका वेगळा ठेवायचा. दारावर येणाऱ्या 'स्वच्छ' संस्थेच्या ताईंना महिन्याचे पैसे वेळेवर द्या, काच असेल तर कागदात गुंडाळून वेगळी द्या. त्या उघड्या हाताने वर्गीकरण करतात.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. एकतानगरीचं घर यादीतून काढलं. निंबजनगरच्या दादांनी स्वतःच्या भागाबद्दल इतकं खरं लिहिलं, त्याचं फार वाटलं.

काल नणंद आणि मी वडगावला जाऊन आलो. सेक्रेटरी काकांना आधी पार्किंग बघू द्या म्हटलं तर ते जरा चकित झाले, मग स्वतःच टॉर्च घेऊन आले. इमारत नदीपासून लांब, चढावर आहे. मीटर मूळच्याच जागी, लिफ्टचा खड्डा कोरडा. टाकीला वीतभर उंच कठडा आणि कुलूप आहे. टाकी धुतल्याची नोंद वहीत सापडली, पण ती गेल्या दिवाळीची. काकांनी आम्ही यायच्या आत धुवून घेतो असं कबूल केलं. एप्रिलच्या पावतीत टँकर आहे, पण थोडाच. ओटी टेस्टचं औषध नणंदेने आणलं होतं. पाणी फिकट पिवळं झालं.

धायरीच्या इमारतीत टँकर कुठून येतो या प्रश्नाला तिघांनी तीन उत्तरं दिली. तिथे मन लागेना.

वडगाव नक्की करतोय. आता शेवटचं विचारते. सासूबाईंची सांगलीत रोज संध्याकाळी देवळात बैठक असते. इथे त्या दिवसभर घरात एकट्या पडतील, त्यांना कुठे नेता येईल?

धायरीची_सून
वडगाव म्हणजे माझ्या रोजच्या वाटेवर. तुमच्या घराजवळच्या देवळात दुपारी बायकांचं भजन असतंच, पहिल्या आठवड्यात मी स्वतः येऊन त्यांना घेऊन जाईन. विठ्ठलवाडीचं देऊळ फार जुनं आणि शांत आहे, एकादशी सोडून कधीही न्या. पु. ल. देशपांडे उद्यानही याच रस्त्यावर, पण तिथे चालणं बरंच होतं, गुडघे बरे असतील त्या दिवशीच.

माणिकबागकर
उत्तम निवड. टाकी धुतील तेव्हा दोघांपैकी कुणीतरी हजर राहा, आणि पहिलं भरलेलं पाणी वापरायला घ्या, प्यायला नको. सामानाचा टेम्पो शनिवार-रविवारी आणू नका. पाऊस सुरू झाला की सिंहगड आणि खडकवासल्याच्या गर्दीने हा रस्ता दुपारपासून तुंबतो. मधल्या वारी पहाटे सांगलीहून निघा. आमच्या सोसायटीत सामान चढवणारी दोन भरवशाची मुलं आहेत, आदल्या दिवशी इथे कळवा, मी त्यांना पाठवतो.