ठाण्यातनं कन्नड कागद दिला, तो एफआयआर आहे का?

गटप्रमुख_ताई: आमच्या बचत गटातल्या एका बाईला नवऱ्यानं काठीनं मारलंय. सासर बेळगाव जिल्ह्यात, माहेर महाराष्ट्रात चंदगडला. ठाण्यात अर्जी घेतली, दोघांना बसवून समजूत घातली आणि कन्नडमधला एक कागद दिला. हा एफआयआर का? माहेरी जाऊन तक्रार चालते का?

कोर्टकचेरी: तो बहुतेक हिंबरह, म्हणजे ठाण्याचं लेखी उत्तर असणार. अर्जीवर काय केलं, एवढंच त्यात असतं. एफआयआरवर गुन्हा नंबर आणि कलमं असतात, प्रत फुकट मिळते. हिंबरह मात्र जपून ठेवा, ठाण्याला त्या तारखेला खबर होती याचा तो पुरावा.

घोळ होतो तो तक्रारीच्या शब्दांत. नुसतं 'मारलं' लिहिलं की न्याय संहितेचं कलम 115(2) लागतं. ते अदखलपात्र, मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय तपास नाही. हाड मोडलं किंवा दात पडला असेल तर 117, कोयत्या-विळ्याचा वार असेल तर 118, दोन्ही दखलपात्र. आधीची मारहाण, पैशाची मागणी तारखांसह लिहा, म्हणजे कलम 85, नवऱ्यानं किंवा सासरच्यांनी केलेला छळ, येतं. मराठीत दोन प्रती करा, एकीवर शिक्का घ्या. कन्नडमध्ये उतरवलेलं मराठीत वाचून दाखवल्याशिवाय सही नको.

गटप्रमुख_ताई: आणि चंदगडचं?

सीमेवरचा_वकील: चालते. झिरो एफआयआर, म्हणजे हद्द नसली तरी नोंदवायचा एफआयआर, कुठल्याही ठाण्यात होतो, पण मग कागद बेळगावला जातात. छळामुळं घर सोडून जिथं आसरा घेतला, तिथल्या कोर्टातही कलम 85 चा खटला चालतो, असा सुप्रीम कोर्टाचा 9 एप्रिल 2019 चा निकाल आहे. तो दाखवून चंदगडलाच तपास मागा.

नोंदवून घेत नसतील तर एसपींना रजिस्टर पोस्टानं पाठवा, त्यानंतर मॅजिस्ट्रेट. बाईला सरकारी वकील-मदत उत्पन्न न बघता फुकट मिळते, फोन 15100.

दवाखान्यातली: या सगळ्याआधी सरकारी दवाखाना! एफआयआर नसला तरी एमएलसी, म्हणजे पोलिस-कोर्टासाठीची दवाखान्यातली नोंद, होते. कुणी, कशानं, किती वाजता मारलं ते डॉक्टरांना नीट सांगायला लावा. भीतीपोटी 'पाय घसरून पडले' म्हणतात आणि पुढं कोर्टात तेच आडवं येतं. काठीचे वळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त उठतात, तेव्हा पुन्हा फोटो काढा.

सीमेवरचा_वकील: घरगुती हिंसाचार कायद्याखाली, 2005 च्या, संरक्षण आदेशही मागा. कर्नाटकात सीडीपीओ, म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकारीच, संरक्षण अधिकारी असतात. आदेश मोडला की कलम 31, दखलपात्र आणि अजामीनपात्र, मग 112 ला फोन केल्यावर 'घरचं भांडण' म्हणून परत जाता येत नाही. पण आदेश चंदगडच्या कोर्टाचा असेल तर पोलिसांकडची प्रत चंदगड ठाण्यातच जाते. सासरच्या ठाण्यात प्रत स्वतः नेऊन द्या आणि पोच घ्या.