मदत हवी आहे: न्यूझीलंडमध्ये गाडी चालवायची आहे आणि लायसन्सवर माहेरचं नाव आहे

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर आम्ही पाच जण न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जातोय. मी, नवरा, सासू-सासरे आणि सहा वर्षांचा मुलगा. क्राइस्टचर्चला उतरायचं, मग टेकापो, क्वीन्सटाउन, 'ते आनाऊ' नावाचं गाव, मिलफर्ड साउंड आणि परत. एकूण बारा दिवस. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यामुळे टूरची बस आणि 'सकाळी सातला लॉबीत जमा' हे त्यांना झेपणार नाही. म्हणून गाडी भाड्याने घ्यायचं ठरलं.

गाडी चालवणार मी एकटी. नवऱ्याकडे लायसन्स आहे, पण ते आधार कार्डासारखं, ओळख पटवण्यापुरतं. (तो हे वाचणार आहे. वाचू दे.) मी नाशिक-मुंबई कसाऱ्यातून महिन्याला दोनदा तरी करते, गोव्यापर्यंतही चालवत गेले आहे. ऑटोमॅटिक मात्र कधी हातात घेतलेली नाही.

आता खरी अडचण. माझं लायसन्स २००९ मध्ये कॉलेजात असताना काढलेलं, वैधता २०२९ पर्यंत. त्यावर माझं नाव, वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यावर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. दोन्हींत सारखं आहे ते फक्त पहिलं नाव आणि जन्मतारीख. लायसन्सवरच्या फोटोतली मुलगी मीच आहे, हे मला स्वतःलाही पटवून द्यावं लागतं.

आरटीओबाहेरचा एजंट म्हणतो, "मॅडम, इंटरनॅशनल लायसन्स काढून टाका, पासपोर्टवरचंच नाव टाकून देऊ." मावसदीर म्हणतो, न्यूझीलंडला इंटरनॅशनल लागतच नाही. नेटवर एका ठिकाणी साठ डॉलरमध्ये दोन तासांत ईमेलने मिळतंय. तिघांपैकी कोणाचं ऐकू? आणि डिजिलॉकरमधलं लायसन्स दाखवलं तर चालतं का?

शिवाय मुलाच्या सीटचं काय करतात? आणि ज्यांनी तिथे स्वतः चालवलंय त्यांनी सांगा, घाटात गाडी चालवायची सवय तिथे कितपत उपयोगी पडते? सासरे म्हणतात, "कसारा उतरतेस, मग तिथे काय डोंबल अवघड असणार!" मला तेवढी खात्री वाटत नाही.

कँटरबरीकर

ताई, नऊ वर्षं क्राइस्टचर्चमध्ये राहतोय, म्हणून आधी नियमाचं सांगतो. पाहुणा म्हणून आलेल्या माणसाला स्वतःच्या देशाच्या वैध लायसन्सवर इथे गाडी चालवता येते. ते इंग्रजीत हवं. नसेल तर मान्यताप्राप्त भाषांतर किंवा इंटरनॅशनल परमिट सोबत हवं. महाराष्ट्राचं स्मार्टकार्ड इंग्रजीतच असतं, म्हणजे कायद्याने पाहिलं तर तुमचा मावसदीर बरोबर आहे. गाडी चालवताना मूळ कार्ड मात्र अंगावर पाहिजे. डिजिलॉकरच्या भरवशावर येऊ नका.

पण तुमची गाठ आधी पोलिसाशी नाही, भाड्याच्या काउंटरशी पडणार. कंपनीच्या अटी कायद्यापेक्षा कडक असू शकतात. बुकिंग, लायसन्स, पासपोर्ट आणि क्रेडिट कार्ड या चारही गोष्टींवर एकच बाई दिसली पाहिजे. तुमच्याकडे सध्या दोन बाया आहेत.

जुनी_फाइल

आधी नाव बदला, मग परमिट काढा. हा क्रम उलटा करू नका.

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट हे वेगळं लायसन्स नव्हे. तुमच्या मूळ लायसन्सवरचा मजकूर परदेशातल्या माणसाला वाचता यावा म्हणून दिलेली ती पुस्तिका असते. मूळ लायसन्स खिशात नसेल तर ती शून्य. साहजिकच तिच्यावर नाव येतं ते लायसन्सवरचं. पासपोर्टवरचं नाव टाकून देतो म्हणणारा एजंट एक तर थाप मारतोय किंवा तुम्हाला गोत्यात आणतोय. तसं परमिट आणि माहेरच्या नावाचं लायसन्स एकत्र ठेवलं की काउंटरवाल्याला आणखीच शंका येणार.

परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर 'लायसन्समधील नावात बदल' अशी सेवा आहे. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडावी लागते. नवं कार्ड पोस्टाने घरी येतं आणि त्यालाच वेळ लागतो, म्हणून आजच अर्ज करा. कार्ड हातात आलं की नमुना ४अ भरून परमिटचा अर्ज. फी १००० रुपये. परमिट एक वर्ष चालतं, मात्र मूळ लायसन्स त्याआधी संपत असेल तर तिथवरच. पूर्वी व्हिसा आणि डॉक्टरचा दाखलाही लागायचा. २०२१ च्या अधिसूचनेने ती अट काढली. तरी खिडकीवर कोणी मागितलंच तर वाद घालण्यापेक्षा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट यांच्या प्रती सोबत ठेवलेल्या बऱ्या.

साठ डॉलरवाल्या साइटचं नाव काढू नका. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९ च्या जिनिव्हा करारात आहे आणि त्याखालचं परमिट आपल्याकडे परिवहन खातंच देतं. ईमेलने येतं ते रंगीत चित्र.

घाटवाट

नावाइतकाच क्रेडिट कार्डाचा मुद्दा गंभीर आहे, आमच्यावर तो प्रसंग आलाय. गाडी बायको चालवणार होती, बुकिंग तिच्या नावाने, पैसे भरलेले माझ्या कार्डावरून. काउंटरवरची मुलगी गोड हसली आणि म्हणाली, अनामत रक्कम मुख्य चालकाच्या कार्डावरच अडकवली जाते. बायकोकडे फक्त डेबिट कार्ड. ते चालेना. शेवटी मला मुख्य चालक केलं, तिला दुसरी चालक म्हणून जोडलं, त्याचे रोजचे पैसे वेगळे भरले. एवढ्यात दीड तास गेला आणि टेकापोला पोचेपर्यंत हॉटेलचं स्वयंपाकघर बंद झालं होतं.

तुमच्या बाबतीत तर नवऱ्याला मुख्य चालक करणंही जोखमीचं, कारण त्यांना चालवायचंच नाहीये. तुमच्या नावाचं कार्ड घ्या. नवऱ्याच्या खात्यावरचं अ‍ॅड-ऑन असलं तरी त्यावर तुमचं नाव छापलेलं असतं. ते चालेल का, हे कंपनीला ईमेल करून लेखी घ्या. आणि निघण्यापूर्वी कार्डाचा परदेशी व्यवहार चालू करा, मर्यादा वाढवा. अनामत हजार-दोन हजार डॉलरही असू शकते.

तव्यावरची_पोळी

अवांतर: मेतकूट, लाडू, लोणचं जे काही नेणार असाल ते न्यूझीलंडच्या प्रवासी घोषणापत्रात जाहीर करा. जाहीर केल्यावर फार तर काढून घेतील. लपवलं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड. सासूबाईंच्या पर्समधली खारीकसुद्धा मोजतात.

कँटरबरीकर

खारकेवर धागा भरकटायच्या आत रस्त्याबद्दल लिहितो.

घाटाची सवय उपयोगी पडेल ती स्टिअरिंगला, बाकी बरीच विसरावी लागेल. कसाऱ्यात अंदाज घेत, हॉर्न वाजवत, समोरच्याच्या डोळ्यात बघत गाडी काढतो आपण. इथे सगळं ठरलेलं असतं आणि समोरचा माणूस तुम्ही ते पाळणारच हे धरून चालतो. तो ब्रेकवर पाय ठेवून बसलेला नसतो.

बाजू डावीच आहे, ती काळजी नाही. गोल चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. हा नियम आपल्याकडेही पुस्तकात आहे, इथे तो रस्त्यावर आहे. तुम्हाला उजवीकडे वळायचंय आणि समोरून येणाऱ्याला त्याच रस्त्यावर, त्याच्या डावीकडे वळायचंय, तर तो आधी जाणार. २०१२ पर्यंत इथे याच्या उलट होतं, त्यामुळे जुने ब्लॉग वाचून येऊ नका. लाल दिव्याला डावीकडेही वळायचं नाही. 'स्टॉप'च्या पाटीला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत, मग चारी दिशांना फक्त मेंढ्या दिसत असल्या तरी.

सर्वात जास्त गोंधळ होतो तो एकपदरी पुलांवर. हमरस्ता छान चाललेला असतो आणि नदी आली की एकदम एकाच गाडीपुरता पूल. आधी पाटी येते. पाटीत तुमच्या दिशेचा बाण लाल आणि छोटा असेल तर थांबायचं, समोरच्यांना येऊ द्यायचं. निळी चौकोनी पाटी आणि तुमचा बाण मोठा पांढरा असेल तर हक्क तुमचा. आपल्याकडे आधी जो घुसेल त्याचा पूल, आणि आधी घुसण्यासाठी लाइट मारायचा. इथे बऱ्याचदा समोरच्याने लाइट मारला तर 'या, तुम्ही या' असा अर्थ असतो. माझ्या सख्ख्या मामाने पहिल्याच दिवशी नेमकं उलटं समजून पुलाच्या मधोमध एका कॅम्परव्हॅनशी नजरानजर केली होती.

गावाबाहेर मर्यादा १००, गावात ५०. पण १०० ही परवानगी आहे, सक्ती नाही. वळणाआधी पिवळ्या पाटीवर ३५, ४५ असे आकडे असतात, ते गंभीरपणे घ्या. घाईत रस्ता मोकळा दिसतो म्हणून हसण्यावारी नेतात आणि मग वळण संपता संपत नाही. मागे तीन-चार गाड्या साचल्या तर पुढची मोकळी जागा बघून बाजूला व्हा, कोणी हॉर्न वाजवून सांगणार नाही. तुमच्या बाजूला अखंड पिवळी रेघ असेल तर ओव्हरटेक नाही. हातात फोन दिसला तर १५० डॉलर दंड. कॅमेऱ्यात सापडलात तर नोटीस भाडेकंपनीकडे जाते आणि कंपनी वर स्वतःचा आकार लावून तुमच्या कार्डावरून वसूल करते, तेही तुम्ही नाशिकला पोचल्यावर.

गोदाकाठची

बाप रे, किती उपयोगी! एकपदरी पुलाचं तर कुठेच वाचलं नव्हतं. मिलफर्ड क्वीन्सटाउनहून एका दिवसात जाऊन-येऊन करायचा बेत आहे, जमेल ना? आणि सासरे (वय ७१, लायसन्स चालू आहे) विचारताहेत की मधला सरळ रस्ता त्यांनी चालवला तर.

कँटरबरीकर

एका दिवसात नको, कृपा करून नको. एका बाजूने सुमारे २९० किलोमीटर, न थांबता चार तास, आणि न थांबता कोणी जात नाही. चालवणार एकटी तुम्ही. ते आनाऊला मुक्काम करा. तिथून मिलफर्ड १२० किलोमीटर. टाकी ते आनाऊलाच भरा आणि घरच्यांना सांगून ठेवा, कारण पुढे मोबाइलला रेंज नसते. वाटेत होमर बोगदा लागतो, सव्वा किलोमीटरचा, डोंगर नुसता कोरून काढलेला, आत अंधार आणि मिलफर्डच्या बाजूला चांगला उतार. उन्हाळ्यात दिवसा एकेका बाजूची वाहतूक सोडतात. सिग्नलला थांबलात की किआ पोपट टपावर येऊन दाराचं रबर सोलतील. त्यांना खायला घालू नका. रबराचे पैसे तुमचेच.

क्वीन्सटाउनहून वानाकाकडे गेलात तर क्राउन रेंजचा रस्ता १०७६ मीटरवरून जातो. देखावा अप्रतिम, वळणं तीव्र. ऑटोमॅटिकची सवय होईपर्यंत क्रॉमवेलवरून फिरून जा. उतारावर गिअर खाली घेऊन उतरा, नुसत्या ब्रेकवर नाही. हे कसारेवालीला काय सांगायचं म्हणा.

मुलासाठी मान्य सीट सक्तीची आहे, सात वर्षं पूर्ण होईपर्यंत. इथल्या यादीतल्या मानकाचीच लागते, म्हणून तिथून उचलून आणू नका, गाडीबरोबर भाड्याने घ्या. त्या सीटमुळे मागची जागा आक्रसते. पाच माणसं आणि पाच बॅगा म्हणजे गाडी सात आसनी घ्या आणि मागची रांग दुमडा. डिझेल गाडी असेल तर दर शंभर किलोमीटरमागे रस्त्याचा कर वेगळा लावतात का, हे आधी विचारा. दक्षिण बेटावर टोल मात्र नाही.

जुनी_फाइल

सासऱ्यांबद्दल: करारात नाव नसलेल्या माणसाने शंभर मीटर चालवली तरी विमा उडतो. सत्तरीनंतर काही कंपन्या नाव घालत नाहीत, काही डॉक्टरचा दाखला मागतात. विचारून घ्या, पण गृहीत धरू नका.

घाटवाट

आणखी एक. उतरलात त्या दिवशी लांब गाडी चालवू नका. डिसेंबरात तिथलं घड्याळ आपल्या साडेसात तास पुढे असतं, भारतातून थेट विमान नाही, त्यामुळे अंग पार आंबलेलं असतं. आणि क्वीन्सटाउनला रात्री नऊनंतरही उजेड असतो. त्यामुळे 'अजून दिवस आहे' म्हणत माणूस दमला तरी चालवत राहतो. क्राइस्टचर्चला एक रात्र झोपा.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. आतापर्यंतची प्रगती कळवते.

नावबदलाचा अर्ज भरला. खिडकीवरच्या गृहस्थांनी जुना फोटो बघितला, मला बघितलं आणि विचारलं, "ह्या कोण?" विवाह प्रमाणपत्र पुढे केल्यावर पुढे सरकलं. नवं कार्ड यायचंय, ते आलं की ४अ. दोन्ही वेळेत आलं नाही तर प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत नेईनच, पण कंपनीला आधी लेखी विचारून. अ‍ॅड-ऑन कार्डही मागवलंय. ते आनाऊला दोन रात्री घेतल्या, त्यासाठी टेकापोची एक कमी केली.

सासऱ्यांना कंपनीने नाही म्हटलं. दोन दिवस गप्प होते, आता नकाशाचं काम त्यांनी मागून घेतलंय. कागदी नकाशा पाहिजे म्हणतात.

आणि रविवारपासून मावसदिराची ऑटोमॅटिक घेऊन गंगापूर रोडला फेऱ्या मारतेय. डावा पाय अजून क्लच शोधतोय.