मदत हवी आहे: रेशनचा तांदूळ आणि ऊसतोडीची उचल खर्चात कशी धरायची?

नमस्कार. एम.ए.च्या प्रबंधासाठी बीड जिल्ह्यातल्या ४० घरांचा खर्च नोंदवतेय. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या (सरकारची घरखर्चाची पाहणी) २०२२-२३ च्या पद्धतीने भाजी, तेल, अंडी मागच्या ७ दिवसांची विचारते. धान्य-डाळी ३० दिवसांच्या. कपडे, शाळेची फी ३६५ दिवसांची. घरच्या ज्वारीला शेतावरचा भाव लावला, तिथे अडचण नाही.

पण रेशनचा फुकट तांदूळ बाजारभावाने धरला की हलाखीतलं घरही कागदावर वर सरकतं. तो धरावा की वेगळा दाखवावा? आणि ऊसतोडीला गेलेली घरं! दिवाळीनंतर कोयता घेऊन निघतात, उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली रक्कम, त्याआधीच औषधपाण्यात, लग्नात संपलेली असते. परतल्यावरच्या ३० दिवसांवरून त्यांचं वर्ष कसं कळणार? कुणी उसाच्या फडावर जाऊन प्रश्नांची दुसरी फेरी केली आहे का? दिवसभर राबून आलेल्या बाईला किती प्रश्न विचारावेत, हेही कृपया सांगा.